फ्रंटएंडमध्ये कंपोनंटला नाव कसं द्यायचं: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

नागपुरात फ्रंटएंडचं पहिलं काम मिळालं, मग ते आयटी पार्कातल्या छोट्या कंपनीत असो, मिहानमध्ये असो की धरमपेठेतल्या घरी बसून पुण्याच्या टीमसाठी असो, पहिल्या पुल रिक्वेस्टवर (आपला कोड टीमला तपासायला पाठवतो त्या विनंतीवर) नावांबद्दलचे शेरे हमखास येतात. 'हे नाव बदला.' 'यावरून काही कळत नाही.' काय बदलायचं आणि का, हे मात्र बसून कुणी सांगत नाही. कॉलेजात कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा वेगळा लिहिलेला तुकडा, लिहायला शिकवतात, त्याला नाव द्यायला शिकवत नाहीत. नव्या मुलामुलींचा कोड तपासताना मला तेच तेच गोंधळ दिसतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

उदाहरणासाठी आपण एक ॲप धरू: कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आवक, लिलाव आणि शेतकऱ्याला मिळणारी हिशोबाची पट्टी दाखवणारं. समजा, हे ॲप सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी एका अडत्याचा (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचा) फोन आला, 'पट्टीवर हमाली दोनदा कापली जाते.' त्या दिवशी ऑफिसात जो कोणी असेल, त्याने एडिटरमध्ये 'पट्टी' आणि 'हमाली' शोधलं की बरोबर फाइल समोर आली पाहिजे. नाव या माणसासाठी द्यायचं असतं. खालचा प्रत्येक सल्ला याच कसोटीवर घासून बघा. जो टिकणार नाही तो सोडून द्या.

लिहिण्याच्या सोयीसाठी इथे कंपोनंटची नावं देवनागरीत आणि शब्दांमध्ये रेघ देऊन लिहिली आहेत, जसं 'लॉट-कार्ड'. रिॲक्टच्या (स्क्रीन बनवायच्या लायब्ररीच्या) कोडमध्ये तेच नाव रोमन अक्षरांत, रेघ न देता, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करून येतं. या पद्धतीला पास्कल केस म्हणतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- व्हीएस कोड किंवा तुमचा नेहमीचा एडिटर, ज्यात नाव सगळीकडे एकदम बदलता येतं
- ब्राउझरमध्ये रिॲक्ट डेव्हटूल्स, म्हणजे कंपोनंट तपासायचं साधन (व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कवर असाल तर व्ह्यूचं)
- ईएसलिंट (कोड नियमात आहे का ते तपासणारं साधन), टीमच्या नियमांसकट
- डिझायनरने दिलेली फिग्माची फाइल, कारण अर्धी नावं तिथे आधीच पडलेली असतात
- टीमची शब्दवही. नसेल तर तुम्ही सुरू करा. कशी, ते दुसऱ्या पायरीत आहे.

१. आधी एक वाक्य बोला

फाइल उघडण्याआधी शेजारी बसलेल्याला विचारल्यासारखं स्वतःला विचारा, 'हा तुकडा काय दाखवून राहिला?' उत्तर मराठीत, एका वाक्यात द्या. 'एका शेतकऱ्याच्या एका लॉटची थोडक्यात माहिती दाखवतो.' झालं, नाव मिळालं: 'लॉट-समरी'. 'लिलावात बोली टाकायचा फॉर्म.' मग 'बोली-फॉर्म'.

वाक्य जमत नसेल तर बहुतेक वेळा नावाचा दोष नसतो. 'हा तुकडा लॉटची यादी दाखवतो, आणि फिल्टर लावतो, आणि पट्टीची पीडीएफ पण काढतो' असं वाक्य झालं, तर एकाच कंपोनंटमध्ये तीन कामं कोंबली आहेत. त्याला 'लॉट-मॅनेजर' किंवा 'लॉट-रॅपर' म्हणून वेळ मारून नेता येते, पण ते करू नका. आधी तुकडे पाडा, नावं आपोआप सुचतील. मॅनेजर, रॅपर, हेल्पर, डेटा, इन्फो, कॉमन हे शब्द मला रिव्ह्यूमध्ये दिसले की मी नावावर शेरा देत नाही, 'याचं काम एका वाक्यात सांग' एवढंच लिहिते.

२. शब्दवही बनवा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते, म्हणून इथे जरा थांबू.

ज्या धंद्याचं ॲप आहे त्या धंद्याचे शब्द ठरलेले असतात. बाजारात आवक, लॉट, लिलाव, बोली, अडत (अडत्याची दलाली), हमाली, तोलाई, पट्टी, खरेदीदार असे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ पक्का आहे. कोडमध्ये मात्र एकाने पट्टीला 'बिल' म्हटलेलं असतं, दुसऱ्याने 'इनव्हॉइस', तिसऱ्याने 'रिसीट'. तिन्ही शब्द वेगवेगळ्या कागदांचे आहेत. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा, कपाती वजा करून शेतकऱ्याला दिलेला हिशोब. अडत्याचा फोन आल्यावर तो 'पट्टी' म्हणणार, 'इनव्हॉइस' म्हणणार नाही.

मग कोडमध्ये मराठी शब्द वापरायचे का? माझं मत स्पष्ट आहे. ज्या शब्दाला इंग्रजीत नेमका जोड आहे तिथे इंग्रजी घ्या: शेतकऱ्याला 'फार्मर', खरेदीदाराला 'बायर', लिलावाला 'ऑक्शन'. जिथे नेमका जोड नाही तिथे मराठी शब्दच ठेवा: पट्टी, अडत, हमाली, तोलाई. टीममधला बंगळुरूचा माणूस एकदा विचारेल, तुम्ही एकदा सांगाल, आणि पुढे कधी गोंधळ होणार नाही. ओढूनताणून केलेलं भाषांतर मात्र रोज गोंधळ घालतं.

यात एक मोठा सापळा आहे, रोमन स्पेलिंगचा. 'अडत' लिहिताना कोणी सुरुवातीला 'ए' एकदा घेतो, कोणी दोनदा. 'हमाली'तल्या 'मा'चंही तेच. एकाच शब्दाची तीन स्पेलिंगं झाली की शोधताना निम्म्या फाइल सापडतच नाहीत, आणि न सापडलेल्या फाइलमध्येच चूक असते. म्हणून शब्दवही. प्रोजेक्टच्या मुळाशी एक साधी मजकूर-फाइल ठेवा. त्यात प्रत्येक शब्दासाठी तीनच गोष्टी: देवनागरीत शब्द, कोडमधलं एकच मान्य स्पेलिंग, आणि एका ओळीत अर्थ. पंधरा-वीस शब्दांत बहुतेक धंदे बसतात. नवा शब्द आला की ज्या पुल रिक्वेस्टमध्ये तो पहिल्यांदा वापरला, त्यातच तो शब्दवहीत टाकायचा.

अर्थ ठरवताना बाजारातल्या माणसाला विचारा. घरात कोणी शेती करत असेल तर त्यांना विचारा, नाहीतर ज्यांच्यासाठी ॲप बनतंय त्यांना. अंदाजाने लिहू नका. अडतीचंच बघा. महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्याआधी कुणी कंपोनंटला 'फार्मर-अडत-कपात' असं नाव दिलं असतं, तर नियम बदलल्यावर ते नाव चुकीचं ठरलं असतं. 'अडत-रो' मात्र दोन्ही काळांत चाललं असतं, कारण अडत कोणाकडून घ्यायची हे डेटा सांगतो. नियम, दर, टक्के, कोण भरणार, या गोष्टी बदलतात. त्यांना नावात जागा देऊ नका.

३. रंग, जागा आणि डेटा नावात घालू नका

'ऑरेंज-कार्ड' हे नाव घ्या. नागपुरात याचे किमान तीन अर्थ होतात: संत्र्याचं कार्ड, नारिंगी रंगाचं कार्ड, आणि मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं कार्ड. आपल्या ॲपमध्ये फळाची माहिती दाखवायची असेल तर फळाच्या अंगाने नाव द्या, आणि रंग स्टाइलच्या फाइलमध्ये ठेवा. 'रेड-बटन'चंही तसंच. डिझायनरने पुढच्या महिन्यात ते करडं केलं की काय करणार? बटन काय करतं ते सांगा: 'डिलीट-बटन', किंवा सर्वसाधारण बटनाला 'डेंजर' असा प्रकार प्रॉपने (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या माहितीने) द्या.

जागेचंही तेच. 'लेफ्ट-पॅनल' लॅपटॉपवर डावीकडे असतं आणि मोबाइलवर खाली जातं. बाजारातली माणसं ॲप मोबाइलवरच उघडणार, म्हणजे नाव बहुतेक वेळ चुकीचंच असणार. त्यात फिल्टर असतील तर 'लॉट-फिल्टर्स' म्हणा.

डेटाचा मुद्दा नव्या मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. संत्र्याचे दोन बहार, अंबिया आणि मृग. स्क्रीनवर दोन टॅब दिसले की दोन कंपोनंट तयार होतात, 'अंबिया-टेबल' आणि 'मृग-टेबल', आणि दुसरं पहिल्याची कॉपी असतं. महिन्याभरात एकात दुरुस्ती होते, दुसऱ्यात राहून जाते. कंपोनंट एकच हवं: 'आवक-टेबल'. बहार कोणता, ते प्रॉपने सांगायचं. नावात एखाद्या बहाराचं, तालुक्याचं, ग्राहकाचं किंवा वर्षाचं नाव आलं की समजा, तिथे प्रॉप हवा होता.

'न्यू', 'ओल्ड', 'टू', 'फायनल' यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. नवं आणि जुनं काही दिवस सोबत ठेवावंच लागत असेल तर फरक कशाचा आहे ते नावात लिहा: 'लॉट-फॉर्म' आणि 'लॉट-फॉर्म-ऑफलाइन'.

४. शब्दांचा क्रम आणि शेवटचा शब्द

मोठा विषय आधी, बारकावा नंतर. 'क्रिएट-लॉट-फॉर्म', 'एडिट-लॉट-डायलॉग', 'ऑल-लॉट्स-लिस्ट' अशी नावं दिली तर फोल्डरमध्ये ती क, ए आणि ऑ यांच्या जागी विखुरतात. 'लॉट-फॉर्म', 'लॉट-एडिट-डायलॉग', 'लॉट-लिस्ट' अशी दिली तर लॉटचं सगळं एकाखाली एक दिसतं. व्ह्यूच्या अधिकृत स्टाइल गाइडमध्ये हा सल्ला लिहिलेला आहे आणि रिॲक्टमध्येही तो तितकाच चालतो.

एक कंपोनंट दुसऱ्याच्या आतच वापरलं जाणार असेल, बाहेर कुठेच नाही, तर बापाचं नाव पुढे लावा: 'लॉट-लिस्ट', त्यातला 'लॉट-लिस्ट-आयटम'. नाव चार शब्दांच्या पुढे जायला लागलं की थांबा आणि त्यासाठी वेगळं फोल्डर करा.

शेवटचा शब्द म्हणजे कंपोनंटचा प्रकार, आणि तो टीमने ठरवून घ्यायचा. आमच्याकडे चालणारी यादी अशी: 'पेज' म्हणजे रूटला (ॲपमधल्या पत्त्याला) जोडलेली पूर्ण स्क्रीन, 'लिस्ट' आणि 'आयटम' जोडीने, 'कार्ड' म्हणजे स्वतंत्र चौकट, 'फॉर्म' म्हणजे ज्यात सबमिट आहे, 'फील्ड' म्हणजे लेबल आणि इनपुट मिळून, 'डायलॉग' म्हणजे वर उघडणारी खिडकी. डायलॉग, मोडल आणि पॉपअप हे तिन्ही शब्द एकाच प्रोजेक्टमध्ये दिसले तर एक ठेवा, बाकी दोन काढा. कोणता ठेवायचा यावर वाद घालू नका. एकच असणं महत्त्वाचं.

५. फ्रेमवर्कचे नियम

यातले काही सल्ले आहेत, काही मोडताच येत नाहीत.

रिॲक्टमध्ये कंपोनंटच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवंच. छोट्या अक्षराने सुरू होणारा टॅग रिॲक्ट एचटीएमएलचा टॅग समजतो. 'लॉट-कार्ड' छोट्या अक्षराने लिहिलं तर तुमचं फंक्शन चालणारच नाही. कन्सोलमध्ये इशारा येईल आणि स्क्रीनवर जागा रिकामी. त्याहून फसवा प्रकार म्हणजे स्वतःच्या बटनाला छोट्या अक्षरातलं 'बटन' हे नाव देणं. तेव्हा ब्राउझरचं साधं बटन दिसतं, इशाराही येत नाही, आणि तुम्ही तासभर स्टाइल शोधत बसता. हुकचं (कंपोनंटच्या आत वापरायच्या रिॲक्टच्या खास फंक्शनचं) नाव 'यूज'ने सुरू करायचं, तेही छोट्या अक्षराने. हुक २०१९ मध्ये रिॲक्ट १६.८ सोबत आले तेव्हापासूनचा हा नियम. लिंट त्यावरूनच हुक ओळखतो.

व्ह्यूमध्ये मूळ 'ॲप' सोडून प्रत्येक कंपोनंटला किमान दोन शब्द हवेत. एचटीएमएलचे टॅग एका शब्दाचे असतात, त्यामुळे आज किंवा उद्या टक्कर होत नाही. ब्राउझरच्या कस्टम एलिमेंटमध्ये तर नावात रेघ असणं बंधनकारक आहे.

अँग्युलरमध्ये सिलेक्टरला (कंपोनंटच्या टॅगच्या नावाला) पुढे उपसर्ग लागतो, आपोआप मिळणारा 'ॲप' असतो. त्याऐवजी प्रोजेक्टचा स्वतःचा घ्या. जुने धडे वाचताना फाइलच्या नावात शेवटी 'कंपोनंट' हा शब्द दिसेल. २०२५ मध्ये आलेल्या २० व्या आवृत्तीपासून अँग्युलरची कमांड लाइन तो आपणहून लावत नाही. प्रोजेक्ट जुना असेल तर जुनीच पद्धत चालू ठेवा, अर्धं-अर्धं करू नका.

६. आधीच घेतलेली नावं

बाजाराचा नकाशा दाखवायचा आहे म्हणून 'मॅप' असं नाव देण्याचा मोह होईल. पण जावास्क्रिप्टमध्ये 'मॅप' आधीच आहे. तुमचं कंपोनंट ज्या फाइलमध्ये इम्पोर्ट झालं, तिथे मूळचा 'मॅप' झाकला जातो, आणि त्याच फाइलमध्ये कुणी नवा 'मॅप' बनवायला गेलं की कोड फुटतो. 'डेट', 'एरर', 'सिम्बॉल', 'इमेज', 'टेक्स्ट', 'लोकेशन', 'हिस्टरी', 'नोटिफिकेशन', 'सिलेक्शन' हे सगळे शब्द भाषेने किंवा ब्राउझरने घेतलेले आहेत. टाइपस्क्रिप्टमध्ये आणखी त्रास: 'टेक्स्ट' इम्पोर्ट करायला विसरलात तर 'हे नाव सापडत नाही' अशी सरळ चूक दिसत नाही. त्याला ब्राउझरचा 'टेक्स्ट' सापडतो आणि भलताच, लांबलचक संदेश येतो. उपाय सोपा आहे, अजून एक शब्द जोडा: 'मार्केट-मॅप', 'लॉट-इमेज', 'बोली-हिस्टरी'.

अशीच टक्कर टाइप आणि कंपोनंटमध्ये होते. 'लॉट' हा डेटाचा टाइप असतो, म्हणून कंपोनंटला नुसतं 'लॉट' कधी म्हणू नका.

७. फाइलचं नाव आणि कॅपिटल अक्षरांचा सापळा

एका फाइलमध्ये एक मुख्य कंपोनंट, आणि फाइलचं नाव त्याच्यावरूनच. पास्कल केस घ्यायची की छोट्या अक्षरांत रेघा देऊन लिहायचं, हे टीम ठरवेल. नेक्स्टसारख्या फ्रेमवर्कमध्ये 'पेज' आणि 'लेआउट' ही फाइलची नावं ठरलेलीच असतात. तिथे फाइलमध्ये फक्त इम्पोर्ट आणि डिफॉल्ट एक्सपोर्ट ठेवा आणि खरं कंपोनंट नीट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा. नाहीतर एडिटरमध्ये 'पेज' नावाचे आठ टॅब उघडतात.

आता सापळा. विंडोज आणि मॅकवर फाइलच्या नावातलं छोटं-मोठं अक्षर सहसा सारखंच धरलं जातं. लिनक्सवर तसं नाही, आणि बिल्ड (कोड साइटसाठी तयार करायचं काम) बहुतेक वेळा लिनक्स सर्व्हरवर चालतो. तुम्ही फाइलच्या नावातलं फक्त एक अक्षर कॅपिटल केलं, तर तुमच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, गिटला बदल दिसत नाही, आणि सर्व्हरवर 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणून बिल्ड फुटतो. उपाय: गिटच्या मूव्ह कमांडने आधी फाइलला भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग हवं ते. दोन पायऱ्यांत केलं की गिट बदल नोंदवतं.

एक्सपोर्ट करताना शक्य तिथे नावाने करा. डिफॉल्ट एक्सपोर्ट असेल तर इम्पोर्ट करणारा हवं ते नाव देऊ शकतो. एकाच कंपोनंटला एका फाइलमध्ये 'पट्टी-व्ह्यू' आणि दुसऱ्यात 'बिल-व्ह्यू' म्हटलेलं सापडतं. काही ठिकाणी डिफॉल्ट लागतोच, तिथे लिंटने लक्ष ठेवा. रिॲक्टच्या 'मेमो'मध्ये बिननावाचं फंक्शन दिलं की डेव्हटूल्समध्ये 'अनॉनिमस' दिसतं, म्हणून आतल्या फंक्शनलाही नाव द्या. आणि लाइव्ह साइटवर डेव्हटूल्स उघडल्यावर एका-दोन अक्षरांची नावं दिसली तर घाबरू नका. बिल्ड करताना नावं आखडली जातात.

८. प्रॉपची नावं

हो-नाही असेल तर 'इज', 'हॅज', 'कॅन' पुढे लावा आणि नाव होकारार्थी ठेवा. 'इज-नॉट-क्लोज्ड' वाचताना प्रत्येकाला थांबावं लागतं. घटनेच्या प्रॉपला 'ऑन', ती सांभाळणाऱ्या फंक्शनला 'हँडल': 'ऑन-बोली' आणि 'हँडल-बोली'. कंपोनंटचं नाव प्रॉपमध्ये परत नको. 'लॉट-कार्ड'ला 'लॉट-कार्ड-टायटल' देण्याऐवजी 'टायटल' पुरतो.

९. नाव बदलायचं झालं तर

कधी ना कधी बदलावं लागतंच. क्रम असा ठेवा.

आधी टीमला सांगा, कारण दुसऱ्याच्या ब्रांचमध्ये तीच फाइल उघडी असू शकते. मग नाव बदलायची वेगळी पुल रिक्वेस्ट करा. तिच्यात दुसरा एकही बदल नको. नव्या फीचरसोबत चाळीस फाइलमधलं नाव बदललं तर रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल दिसत नाही. व्हीएस कोडमध्ये नावावर कर्सर ठेवून एफ २ दाबा, ते सगळीकडे बदलेल. त्यानंतर फाइलचं नाव बदला. एडिटर इम्पोर्ट दुरुस्त करायचं विचारेल, हो म्हणा.

आता जुनं नाव पूर्ण प्रोजेक्टमध्ये साध्या मजकूर-शोधाने शोधा. एफ २ कोडमधलं नाव बदलतं, अवतरण चिन्हातला मजकूर बदलेलच असं नाही. टेस्टची शीर्षकं, स्टोरीबुकमधली शीर्षकं, स्टाइलचे क्लास, टिपणं, सगळं हाताने बघा.

मात्र तीन ठिकाणी जुनं नाव तसंच राहू द्या: ॲनालिटिक्सला जाणारी घटनांची नावं, ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमधल्या किल्ल्या आणि एपीआयची फील्ड. पहिलं बदललं तर अहवालात मधेच आकडे तुटतात. दुसरं बदललं तर वापरणाऱ्याची साठवलेली माहिती हरवते. बाजारात नेटवर्क नसताना भरून ठेवलेला लॉटचा फॉर्म गेला, तर तो शेतकऱ्याला पुन्हा भरायला लागतो. तिसरं बॅकएंडच्या हातात आहे. त्यांच्याशी बोलून, वेगळी तारीख ठरवूनच त्याला हात लावा.